तोंडवलीचा आठवा पेडवा

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील इचलकरंजीत यंत्रमाग चालवायचे आणि रात्रपाळीनंतर कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. त्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे होतं. मी अक्षरओळख शिकले ती त्या गुलाबी कागदांवर, त्यामुळे मला अजूनही कुठलंही वाक्य हाक दिल्यासारखं वाचायची सवय आहे. माझं नावही क्रांती ठेवलं गेलं. हे सगळं आधीच सांगते, कारण मालवणच्या किनाऱ्यावर मी जी चूक केली ती या घरात वाढलेल्या मुलीकडूनच होऊ शकली असती.

मी विद्यापीठात भाषाशास्त्र आणि इटालियन एकत्र शिकते. "दोन्ही कशाला?" हा प्रश्न मला घरमालकिणीपासून बस कंडक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. भाषाशास्त्राच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, तो विचारला नाही. त्यांनी थेट निकाल दिला: दोन डगरींवर हात ठेवू नकोस, एक सोड. मला मात्र एकच प्रबंध दोन्ही विभागांत मिळून करायचा होता. विषय असा, की माणसं मिळून एखादं जड काम करतात तेव्हा एकमेकांशी कसं बोलतात. एका बाजूला दक्षिण इटलीतले कोळी, जे किनाऱ्यावरून जाळं ओढतात. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं आमच्या इटालियनच्या लुचिया बाईंकडे होती, कारण त्यांचे आजोबाच त्या दोरावर होते. दुसऱ्या बाजूला सिंधुदुर्गातली रापण, म्हणजे तसंच किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.

शेवटी सरांनी अट घातली. आठ दिवसांत रापणकरांचं मालवणीतलं खरं बोलणं दहा तास मुद्रित करून आण, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाची सही असलेलं संमतीपत्र आण. नाही आणलंस तर इटालियन सोडायचं. दिवाळी होऊन गेली होती. मी पिशवीत चाळीस छापील संमतीपत्रं भरली आणि निघाले.

तोंडवली, पहिला दिवस

फोंडा घाट उतरल्यावर हवा बदलते हे सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही. मी सांगेन ते जेवणाचं. मी ज्यांच्या घरी उतरले त्या सुनंदाकाकी मासे विकतात. टोपली उतरवून त्या नुकत्याच आल्या होत्या. मला दारात बघून त्यांनी नाव विचारलं नाही.

"खंयसून इलंस गो चेडवा? जेवलंस?"

चेडू म्हणजे मुलगी. मी इचलकरंजी म्हटल्यावर त्या "घाटावरचा" म्हणाल्या आणि तिखट जरा कमी घातलं, जे मला अपमानासारखं वाटलं. आमच्याकडे तांबडा रस्सा पिऊन माणसं कामाला जातात. पण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असतं, आणि ते तिखट नसतं. ते जिभेला मुंग्या आणतं. मी तिसरी भाकरी मागितली तेव्हा काकींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

संध्याकाळी सुरूच्या बनात रापणकर जाळं शिवत बसले होते. त्यांचा म्होरक्या भिवा तांडेल, साठीच्या पुढचा, कमी बोलणारा. होडी कधी काढायची आणि कुठे सोडायची हे तोच ठरवतो. त्याच्या शेजारी बाबल बसला होता. बाबल वीस वर्षं मालवाहू बोटीवर खलाशी होता आणि आता गावात परतला आहे. माझं नाव ऐकून तो म्हणाला, "क्रांती? मगे कधी करतलंस?"

सगळे हसले. मी इटालियन शिकते म्हटल्यावर तर बाबल उठून उभाच राहिला. जेनोवाच्या बंदरात तो अकरा दिवस अडकला होता आणि तिथल्या खानावळीतल्या बाईकडून इटालियन शिकला होता. त्याला एकंदर नऊ शब्द येत होते, त्यातले चार जेवणाचे होते आणि दोन मी इथे लिहिणार नाही. त्या संध्याकाळी मला वाटलं, दहा तास काय, वीस तास होतील.

दुसरा दिवस

रापण न बघितलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात जाते, मोठं अर्धवर्तुळ करते आणि दूरवर दुसरं टोक किनाऱ्याला आणते. मग दोन टोळ्या दोन्ही दोर ओढू लागतात, मागे मागे चालत. सगळ्यात मागचा माणूस दोर सोडून पुढे पाण्याकडे येतो आणि पुन्हा धरतो. ओढता ओढता दोन्ही टोळ्या एकमेकींजवळ सरकतात. दोनअडीच तासांनी जाळ्याची पिशवी काठाला लागते, तेव्हा काहीजण पाण्यात उतरून ती उचलतात. पुरुष, बायका, शाळेला दांडी मारलेली पोरं, कुणीही दोर धरू शकतं. मीही अर्धा तास धरला.

पिशवी उघडली तेव्हा वाळू चांदीची झाली. विकायला माल बाजूला काढण्याआधी भिवा तांडेलाने कालवणापुरते वाटे मांडायला सुरुवात केली. दोराला ज्याचा हात लागला त्याचा एक वाटा. पाण्यात उतरलेल्याला एक मासा जास्त. आजारी असलेल्याचाही वाटा काढून ठेवलेला मी पाहिला आणि मनातल्या मनात वडिलांना सांगितलं, तुम्ही आयुष्यभर ज्यासाठी पत्रकं लिहिलीत ते इथे रोज सकाळी होतं.

मग त्याने माझ्यासमोर बांगड्यांचा वाटा ठेवला.

मी हात मागे घेतले. मी म्हणाले, की मला नको, मी इथे अभ्यासाला आले आहे, कष्टकऱ्यांच्या घामाचं मी फुकट घेत नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी तीनचार वाक्यं आणखी बोलले. मला वाटलं, टाळ्या पडतील.

भिवा तांडेलाने वाटा उचलला, टोपलीत परत टाकला आणि म्हणाला, "ठीक आहे. आपली इच्छा."

मी पाठ फिरवून तिथेच संमतीपत्रं वाटायला सुरुवात केली. लोकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, नीट घडी घालून खिशात ठेवली आणि घरी गेले.

तिसरा आणि चौथा दिवस

या दोन दिवसांत तोंडवलीत कुणीही माझ्याशी वाईट वागलं नाही. सगळे माझ्याशी शुद्ध मराठीत बोलू लागले, एवढंच.

हे ज्याला कळत नाही त्याला ती शिक्षा किती कडक होती ते सांगून कळणार नाही. मालवणी माणूस शुद्ध मराठी बोलतो ती तहसील कचेरीत, बँकेत आणि पोलीस चौकीत. मी अंगणात गेले की घरातले चालू बोलणं थांबवून म्हणत, "आपण बसा. आपल्याला कोणती माहिती हवी आहे?" मी रेकॉर्डर चालू केला तर एका आजोबांनी घसा साफ करून रापणीची माहिती अशी सांगितली, की जणू शालेय पाठ्यपुस्तकातला धडा. सहा तासांचं मुद्रण जमलं आणि त्यात मालवणीचा एक शब्द नव्हता. बाबल तर आणखी पुढे गेला. तो माझ्याशी फक्त इटालियनमध्ये बोलू लागला. रस्त्यात भेटला की टोपी काढून, "बोनजोर्नो, सिन्योरीना," आणि चालू लागे.

चौथ्या दिवशी समुद्र खवळलेला होता, रापण लागली नाही. मी काकींच्या पडवीत बसून रिकाम्या पिशवीकडे बघत होते. वाटलेल्या चाळीस संमतीपत्रांतलं एकही परत आलं नव्हतं. काकी कुळथाची पिठी घेऊन आल्या. त्यांनीही दोन दिवस मला 'तुम्ही' म्हटलं होतं. मी विचारलं, माझं नेमकं काय चुकलं ते तरी सांगा.

त्यांनी आधी पिठी संपवायला लावली. मग सांगितलं. काही वर्षांपूर्वी एकजण आला होता, गोड बोलणारा, मोठा कॅमेरा घेऊन. तोही दोराला लागला, फोटो काढले, आणि वाटा देऊ केला तर हसून नको म्हणाला. पुढच्या हंगामात दूरच्या एका हॉटेलच्या फलकावर भिवा तांडेलाचा चेहरा होता, खाली जेवणाचे दर होते. जाब विचारायला गेले तर तो म्हणाला, मी तुमचं काही घेतलंच नाही.

"जो वाटो घेणा नाय," काकी म्हणाल्या, "तो मगे आख्खी रापण मागता."

त्या पुन्हा मालवणीत बोलल्या होत्या, पण मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही. मी वडिलांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं: पत्रक वाटायला मी कामगारांच्या खोल्यांवर जायचो, तिथे दरवेळी चहा का प्यायचो? मी लहान असताना त्यांच्याबरोबर जायची. एका रविवारी चौदा चहा झाल्याचं मला आठवतं, आणि रात्री त्यांना झालेलं पित्तही. त्यांनी एकही नाकारला नव्हता. चहा पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या दारात येऊन उत्तर द्यावं लागतं. चहा न पिणारा फक्त कागद टाकून जातो.

मी चाळीस कागद टाकले होते.

पाचवा दिवस

उजाडायच्या आत किनाऱ्यावर गेले. रेकॉर्डर काकींकडे ठेवला. होडी सुटल्यापासून दोर धरला आणि शेवटपर्यंत दोरावरच राहिले. माग चालवणाऱ्याच्या मुलीचे हात मऊ नसतात असा माझा समज होता. तासाभरात तळव्यांची साल निघाली. खारं पाणी त्यावर काय करतं ते लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मागच्या बाईने न बोलता स्वतःच्या कमरेचं फडकं सोडून माझ्या हाताला गुंडाळलं.

पिशवी जवळ आली तेव्हा एक लाट आली, मी घसरले आणि कंबरभर पाण्यात दोरासकट आडवी झाले. कुणीतरी मानगुटीला धरून उभं केलं. इतकं करून जाळ्यात काय आलं? जेलीफिश. ढीगभर, थुलथुलीत, निरुपयोगी. त्यांच्यात अडकलेले थोडे पेडवे, म्हणजे बोटाएवढे बारके मासे. विकायला काहीच नव्हतं. पण वाटे मांडले गेले.

भिवा तांडेल वाळूवर सरकत माझ्यापाशी आला आणि थांबला. सात पेडवे हातात धरून म्हणाला, "आपल्याला चालतील का?"

मी ओढणीचा पदर दोन्ही हातांनी पुढे केला. पेडवे त्यात पडले. धन्यवाद म्हणावं असं मनात होतं. पण माझी नजर शेजारच्या बाबलच्या वाट्याकडे गेली आणि मला काय झालं कोण जाणे, मी माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत म्हणाले, "ह्ये कमी आसत. बाबलाक आठ आणि माका सात?"

भिवा तांडेल थबकला. "बाबल पाण्यात उतरलो."

"मी पण उतरलंय. कमरेपर्यंत भिजलंय, बघा."

"पडलंस तू," तो म्हणाला. "पडना म्हणजे उतरना न्हय गो."

'गो' म्हणाला. माझ्या कानांनी ते टिपलं. पण मी मागे हटले नाही. पडल्यावरही मी दोर सोडला नव्हता, हे मी जोरात सांगितलं. एक बाई म्हणाली खरा आसा, नाय सोडल्यान. दुसरा म्हणाला नियम तो नियम. पाच मिनिटं त्या किनाऱ्यावर एका पेडव्यावरून सभा भरली. शेवटी बाबल वाळूत बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"चेडू वाटो मोजता रे," तो म्हणाला. "झाला तर. आमचाच मगे."

भिवा तांडेलाने निकाल दिला: आज सातच. जेव्हा खरी उतरशील तेव्हा आठवा. मी ते सात पेडवे स्वतः साफ केले, काट्याने बोट फाडून घेतलं, आणि काकींनी ते तव्यावर कुरकुरीत भाजून दिले. या सभेचं मुद्रण माझ्याकडे नाही. असायचं कारणही नव्हतं, तेव्हा मला परवानगी नव्हती.

सहावा दिवस

दुपारी सुरूच्या बनात सगळे जमले. मी माझे चाळीस कागद परत मागितले. भिवा तांडेल म्हणाला, "एकट्यान वढून रापण येता काय? मगे एकट्यान सही कशाक?"

हे वाक्य माझ्या घरातल्या कुठल्याही पत्रकावर शोभलं असतं, आणि ते मला परक्या किनाऱ्यावर ऐकावं लागलं. मी एक कोरा मोठा कागद घेतला आणि सगळ्यांच्या देखत लिहायला बसले. मी वाक्य लिहायची, मोठ्याने वाचायची, आणि ते दुरुस्त करायचे. ठरलं ते असं: आवाज सगळ्यांचा, म्हणून परवानगीही सगळ्यांची. मुद्रणाची प्रत दोरावरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये येईल. विचारल्याशिवाय ते विद्यापीठाबाहेर कुणाला द्यायचं नाही. कुणी म्हणालं माझा आवाज काढ, तर काढायचा. सह्यांच्या वेळी पहिली कोणाची यावर अडलं. रापणीत पहिला आणि शेवटचा कुणी नसतो, मागचा सारखा पुढे येत असतो. म्हणून बाबलने कागदावर जाळ्यासारखं अर्धवर्तुळ काढलं आणि सगळ्यांनी त्यावर सह्या आणि अंगठे केले. माझीही सही त्यातच, मधे कुठेतरी.

मग मी लुचिया बाईंकडचं इटालियन मुद्रण लावलं, त्यांच्या आजोबांच्या दोरावरचं. शब्द कुणालाच कळत नव्हते, बाबललाही नाही, जरी तो मान डोलवत होता. भिवा तांडेल डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता जड झाला." मग: "हंय एक टोळी मागे रवली, तेंका हाक मारतत." शेवटी अचानक हात वर करून, "आता पिशवी कडेक इली. थोडेच आसत मासे."

मी बाईंच्या टिपणांची वही उघडली. प्रत्येक टप्पा बरोबर होता. मासे थोडे होते हेसुद्धा तिथे लिहिलेलं होतं.

हजारो मैलांवरची, एकमेकांचं नावही न ऐकलेली माणसं, आणि एक शब्द न कळता एकाला दुसऱ्याचं काम ऐकू येत होतं. दोन विषय एकत्र कशाला, या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर लुंगी नेसून बसलं होतं. मी तेव्हा सगळ्यांसमोर रडले. बाबल म्हणाला, "मांजा, मांजा," म्हणजे खा, खा, आणि माझ्या हातात चुरमुऱ्याचा लाडू ठेवला. त्याला एवढंच सांत्वन इटालियनमध्ये येत होतं.

उरलेल्या दोन दिवसांत अकरा तासांचं मुद्रण झालं. दोरावरचं, पेज पितानाचं, भांडणाचं. मधेमधे माझाही आवाज आहे, चुकीच्या मालवणीत.

परत

सरांच्या खोलीत समिती बसली, लुचिया बाईही तिच्यात होत्या. सरांनी तो अर्धवर्तुळाचा कागद उलटसुलट फिरवून बघितला. हा ठरलेल्या नमुन्यात नाही, म्हणाले. यात जबाबदार व्यक्ती कोण? मुद्रण उत्तम आहे, पण या कागदावर ते वापरता येणार नाही. हवं तर भाषाशास्त्रापुरता दुसरा छोटा विषय घे, इटालियन सोड.

मी उठून उभी राहिले. मी त्यांना तो कॅमेरावाला सांगितला. चाळीस कोरे कागद सांगितले. नमुना माणसाच्या रक्षणासाठी असेल, तर या माणसांनी स्वतःचं रक्षण तुमच्या नमुन्याहून चांगलं केलं आहे, असं म्हणाले. तुम्ही एकेकट्याची सही मागता, कारण तुमच्या कल्पनेत माणूस एकटा बोलतो. मी आणलेलं एकही वाक्य एकट्याचं नाही. हे वाक्य मी घरी पाठ केलं नव्हतं. लुचिया बाई शांतपणे म्हणाल्या, की त्यांच्या गावातही मासे वाटूनच घ्यायचे, आणि वाट्याशिवाय घरी आलेल्या माणसाला त्यांची आजी विचारायची, आज तू कुठे होतास?

सरांनी मग इयरफोन लावला. दोराचा भाग वीस मिनिटं ऐकला. ते मूळचे कुठले हे मला माहीत नव्हतं, पण भिवा तांडेल कुणावर तरी खेकसला तिथे ते हसले. इयरफोन काढून त्यांनी कागदावर शेरा लिहिला: सामूहिक संमती ग्राह्य. प्रबंध दोन्ही विभागांत संयुक्त. खाली सही केली, आणि मग पेन वर धरून विचारलं, "इथे अर्धवर्तुळात जागा आहे का गं?"

मी नाही म्हणाले. त्यांनी दोर धरला नव्हता.

त्याच संध्याकाळी काकींना फोन करून सगळं सांगितलं. दहाएक दिवसांनी गावाकडून आलेल्या कुणीतरी वसतिगृहात एक पुडकं ठेवलं. सुक्या बांगड्यांचा वास जिन्यापर्यंत येत होता आणि रखवालदार नाराज होता. बांगडे मी विभागात नेले. सर म्हणाले, अगं मला कशाला, आणि मी त्यांना म्हटलं, घ्या सर, न घेणाऱ्यावर तोंडवलीत विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी दोन घेतले. बाईंनी चार.

पुडक्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी वेगळं होतं. आत एकच सुका पेडवा. वर बाबलच्या हस्ताक्षरात भिवा तांडेलाचा निरोप: "उतरलंस."

तो मी कुणाला दिला नाही. खोलीत तव्यावर भाजला आणि डोक्यासकट खाल्ला.